बॅनशीचा एक्झॉस्ट : स्टॉक इंजिनाचा पाइप आणि बदललेल्या इंजिनाचा पाइप या वादाची पार्श्वभूमी

यामाहाची बॅनशी ही 350 सीसी वर्गातील टू-स्ट्रोक एटीव्ही (कच्च्या वाटांवर चालवायची हँडलची चारचाकी) अमेरिकेच्या बाजारातून 2006 नंतर हटली, तरी तिच्यासाठी एक्झॉस्ट पाइप बनवणे थांबलेले नाही. मूळ अवस्थेतील इंजिनाला कोणता पाइप लावावा आणि पोर्टिंग केलेल्या, म्हणजे सिलिंडरमधील वायूंच्या वाटा कोरून बदललेल्या, इंजिनाला कोणता, हा वाद आजही तेवढ्याच हिरिरीने घातला जातो. तो समजून घ्यायचा तर या गाडीचे इंजिन कोठून आले आणि येताना त्यातून काय वगळले गेले, येथून सुरुवात करावी लागते.

इंजिन मुळात मोटारसायकलचे होते. 64 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), 54 मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), दोन सिलिंडर आणि 347 सीसी ही मापे यामाहाच्या 1970च्या दशकातील हवेने थंड होणाऱ्या आरडी 350ची आहेत. पुणे-कोल्हापूरकडच्या वाचकांना ती राजदूत 350मुळे परिचित असतील, कारण 1983पासून भारतात बनलेली ती गाडी त्याच कुळातली. जपानमध्ये हे इंजिन 1980मध्ये पाण्याने थंड होणारे झाले. पुढे त्यात एक्झॉस्ट पोर्टची, म्हणजे जळालेला वायू बाहेर पडण्याच्या खिडकीची, उंची इंजिनाच्या फेऱ्यांनुसार कमी-जास्त करणारा पॉवर व्हॉल्व्ह आला आणि 1984मध्ये आरझेड 350 या नावाने ते अमेरिकेतील रस्त्यांवर उतरले. 1987च्या बॅनशीत पाण्याची व्यवस्था आणि रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी एकदिशा झडप) तसेच ठेवून पॉवर व्हॉल्व्ह मात्र काढून टाकण्यात आला. खर्च, वजन आणि वाळू-चिखलातील देखभाल पाहता हा निर्णय समजण्यासारखा आहे. पाइपच्या वादाचे मूळही त्यातच आहे. पोर्टची उंची कायमची ठरून गेल्यामुळे इंजिनाची ताकद कोणत्या फेऱ्यांवर येणार, हे ठरवण्यात पाइपचा वाटा फार मोठा झाला.

विस्तार-कक्षाचा, म्हणजे फुगीर पोटाच्या टू-स्ट्रोक पाइपचा, पूर्वेतिहास येथे थोडक्यात सांगून पुरेल. पाइपमधून परतून निसटते ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलणाऱ्या दाबलहरीचा पद्धतशीर उपयोग दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व जर्मनीत, त्शोपाऊ येथील कारखान्याच्या शर्यत विभागात सिद्ध झाला, आणि 1961 साली तेथील 125 सीसीच्या इंजिनाने 25 अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे 200, गाठली. त्याच वर्षी त्या संघाचा अव्वल स्वार स्वीडनमधील शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळून गेला, आणि पुढच्याच वर्षी त्याला सामावून घेतलेल्या जपानी कंपनीने 50 सीसी गटाचे जागतिक विजेतेपद मिळवले. त्यानंतर हे ज्ञान कोणा एकाच्या मुठीत राहिले नाही.

एटीव्हींच्या बाबतीत खरी धामधूम 1985 ते 1992 या काळात झाली. सुझुकीची एलटी 250आर 1985मध्ये आली, होंडाची टीआरएक्स 250आर 1986मध्ये, आणि 1987मध्ये बॅनशीबरोबर कावासाकीची टेकाटे-4 व सुझुकीची 500 सीसीची एलटी 500आर. एप्रिल 1988मध्ये अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा यंत्रणेशी पाच कंपन्यांनी केलेला करार न्यायालयाने मंजूर केला. तीनचाकींची विक्री त्याने थांबली, आणि चालकांचे वय व प्रशिक्षण यांविषयी दहा वर्षांची बंधने आली. चारचाकींवर बंदी नव्हती, तरीही कावासाकीने 1988नंतर, होंडाने 1989नंतर, सुझुकीने 500 सीसीपुरते 1990नंतर आणि 250 सीसीपुरते 1992नंतर हात आखडता घेतला. मोठ्या कंपन्यांच्या क्रीडा-गटातील टू-स्ट्रोक गाड्यांपैकी यामाहाच्या दोनच दीर्घकाळ टिकल्या : बॅनशी आणि 195 सीसीची, एका सिलिंडरची ब्लास्टर. एकच इंजिन जवळजवळ न बदलता वीस वर्षे विकले गेल्यामुळे पाइप बनवणाऱ्या लहान कारखान्यांना अशी स्थिर बाजारपेठ मिळाली, जी दर दोन-तीन वर्षांनी सिलिंडर बदलणाऱ्या मोटोक्रॉस गाड्यांत कधीच मिळाली नसती.

मुख्य वाद असा आहे : पाइप आज असलेल्या इंजिनासाठी घ्यावा, की पुढे जे इंजिन करायचे मनात आहे त्यासाठी?

पुढच्या इंजिनासाठी घ्यावा म्हणणाऱ्यांचे म्हणणे वरवर तरी बिनतोड आहे. पाइपची जोडी महाग असते आणि नीट वापरली तर इंजिनापेक्षा जास्त टिकते. मग आता मिड-रेंजचा (मधल्या फेऱ्यांवर ताकद देणारा) पाइप घेऊन वर्षभराने तो पडत्या किमतीत विकण्यापेक्षा सुरुवातीलाच टॉप-एंडचा (वरच्या फेऱ्यांवर ताकद देणारा) घ्यावा, पोर्टिंग सावकाश होईल. दक्षिण कॅलिफोर्नियात मेक्सिकोच्या सीमेजवळ असलेल्या ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांवर हे मत विशेष रुजले. तेथे मागच्या चाकांना वल्ह्यासारख्या पट्ट्यांचे पॅडल टायर लावलेले असतात, चढावर थ्रॉटल सोडायचा प्रश्नच नसतो, आणि ऑल्ड्समोबिल हिल नावाच्या चढणीवर शेजारच्या गाडीच्या पुढे राहणे एवढेच उद्दिष्ट असते. अशा जागी खालच्या फेऱ्यांवरची ताकद गेली तरी चालकाला ती फारशी आठवत नाही.

आकडेमोड मात्र या मताला फारशी साथ देत नाही. 1970च्या दशकापासून वापरात असलेला ठोकताळा असा : क्रँकच्या एका फेरीत एक्झॉस्ट पोर्ट जितके अंश उघडा राहतो, त्या अंशांना 1,700ने गुणावे आणि कमाल ताकदीच्या फेऱ्यांनी भागावे, उत्तर येते ते पिस्टनच्या बाजूपासून परावर्तक शंकूपर्यंतची (पाइपच्या मागच्या, लहर परतवणाऱ्या निमुळत्या भागापर्यंतची) लांबी, इंचांत. यातले 1,700 म्हणजे तापलेल्या वायूतील लहरीचा सेकंदाला फुटांतील गृहीत वेग. पोर्ट 190 अंश उघडा राहत असेल आणि ताकद मिनिटाला 8,500 फेऱ्यांवर हवी असेल, तर लांबी 38 इंच येते. पोर्टिंग करून तो 198 अंशांवर नेला आणि ताकद 10,000 फेऱ्यांवर मागितली, तर लांबी साधारण 33.7 इंचांवर येते. हा चार इंचांहून अधिक आखूड पाइप 190 अंशांच्या न बदललेल्या सिलिंडरला लावला, तर त्याच सूत्राने तो सुमारे 9,600 फेऱ्यांवर जुळतो. त्या फेऱ्यांवर मूळ ट्रान्सफर पोर्ट (ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये आणणाऱ्या वाटा) आणि 26 मिलिमीटरचे दोन मिकुनी कार्ब्युरेटर इंजिनाला पुरेसे भरू शकत नाहीत. त्याहून खाली, जेथे गाडी प्रत्यक्षात जास्त चालते, तेथे लहर वेळेआधी परत येते, पोर्ट मिटण्यापूर्वीच तिचा दाब ओसरतो आणि ताजे मिश्रण बाहेर निसटते. चालकाला जाणवते ते एवढेच की गाडी खाली मेलेली आहे आणि वर आवाज वाढला तरी ओढ वाढत नाही. मग दोष कार्ब्युरेटरवर ढकलला जातो, पुढचा स्प्रॉकेट एका दाताने लहान केला जातो, आणि पाइपवर कोणी बोट ठेवत नाही.

वेस्ट व्हर्जिनियाच्या जंगलवाटांवर हा फरक अधिक उघडा पडतो. तेथे दर वळणाला थ्रॉटल सोडून पुन्हा उघडावा लागतो, मुळांवरून आणि दगडांवरून गाडी कमी फेऱ्यांवर ओढावी लागते. म्हणून त्या भागातल्या न बदललेल्या बॅनशीला मिड-रेंजचा, मोठ्या लांबीचा पाइपच शोभतो.

तरीही ‘आधी इंजिन, मग पाइप’ हा सरसकट नियमही चुकीचा ठरेल. चांगला पोर्टिंग करणारा कारागीर सिलिंडर हातात घेण्याआधी पाइप कोणता आहे ते विचारतो, कारण पोर्ट किती वर न्यायचा हे त्यावर ठरते. या अर्थाने पाइप आधी निवडला जातो खरा, पण तो ठरलेल्या जोडणीचा भाग म्हणून. पुढे कधीतरी होईल अशा पोर्टिंगच्या भरवशावर दोन-तीन हंगाम चुकीचा पाइप वापरणे ही वेगळीच गोष्ट आहे, आणि वादात या दोन्हींची सर्रास गल्लत होते.

दोन सिलिंडरांसाठी एकच मोठा पाइप का नाही, हा प्रश्नही अधूनमधून विचारला जातो. बॅनशीच्या क्रँकवर दोन्ही पिस्टन 180 अंशांच्या अंतराने चालतात, त्यामुळे एका सिलिंडरची लहर दुसऱ्याच्या वेळापत्रकात शिरते. म्हणून जोडीच घ्यावी लागते. चौकटीच्या आतून जाणारे आणि बाहेरून जाणारे पाइप हा भेद प्रामुख्याने जागेचा आहे, ताकदीचा नाही, जरी विक्रीत तो तसा मांडला जातो. साच्यात दाबून जोडलेले पाइप स्वस्त आणि एकसारखे निघतात, तर पत्र्याचे शंकू वळवून हाताने वेल्ड केलेले पाइप विशिष्ट इंजिनासाठी मापाने करून घेता येतात. दगडावर आपटले की चेपतात दोन्ही.

जेटिंगचा, म्हणजे कार्ब्युरेटरमधून पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रांच्या (जेटच्या) मापाचा, मुद्दा इतिहासातही टाळता येत नाही, कारण पाइपमुळे निकामी झालेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कित्येक इंजिनांच्या बाबतीत पाइप निर्दोष असतो. मूळ बॅनशीत मेन जेट 200 क्रमांकाचा असतो. पाइप बदलला, त्यातही एअर बॉक्सचे (हवेच्या फिल्टरच्या पेटीचे) झाकण काढले, तर मिश्रण पातळ होते, पिस्टनचा माथा तापतो आणि इंजिन सीज होते. म्हणून पाइप आणि मोठे जेट एकाच दिवशी बसवायचे, आणि पूर्ण थ्रॉटलवर इंजिन एकदम बंद करून प्लगचा रंग पाहायचा, अशी शिस्त जुने मेकॅनिक घालून देतात.

2006नंतर चित्र आणखी गुंतागुंतीचे झाले. नव्या एटीव्हींना धुराचे केंद्रीय निकष 2006 आणि 2007 अशा दोन टप्प्यांत लागू झाले, साध्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकला ते पेलणारे नव्हते, आणि बॅनशी व ब्लास्टर दोन्ही अमेरिकेत थांबल्या. तेव्हापासून बाजारात आहेत त्या वापरलेल्या गाड्या, आणि ‘स्टॉक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या इंजिनावर आधीच्या मालकांनी काय केले आहे, हे कागदावर कोठेच नसते. नुसते बोअर वाढवून मोठा पिस्टन टाकला असेल, तर पोर्ट उघडण्याची वेळ बदलत नाही. सिलिंडरखाली पातळ स्पेसर घालून तो वर उचलला असेल, तर मात्र पोर्ट लवकर उघडतो आणि उशिरा मिटतो. 4 मिलिमीटरने वाढवलेल्या स्ट्रोकचा क्रँक मूळ बोअरवर 373 सीसी देतो. तोच क्रँक 68 मिलिमीटर बोअरच्या, बाहेरून विकत मिळणाऱ्या सिलिंडरांबरोबर 421 सीसी देतो, आणि त्या इंजिनाला मूळ बॅनशीसाठी आखलेला कोणताही पाइप अपुरा पडतो. अशी गाडी विकत घेणाऱ्याने जाहिरातीतील शब्दावर विसंबून पाइप मागवण्याऐवजी क्रँकवर अंशांची चकती लावून पोर्ट केव्हा उघडतो व मिटतो हे मोजलेले बरे. काम जेमतेम तासाभराचे आहे.

आवाजाच्या नियमांनी या निवडीला आणखी एक अट जोडली. कॅलिफोर्नियात 2003पासून, 1986 किंवा त्यानंतर बनलेल्या ऑफ-रोड वाहनांना उभ्या चाचणीत 20 इंचांवरून 96 डेसिबलची मर्यादा आहे, म्हणजे प्रत्येक बॅनशी तिच्या कक्षेत येते. राष्ट्रीय वनक्षेत्रात ठिणगीरोधकही सक्तीचा आहे. आपल्याकडे पुंगळी काढलेल्या आरएक्स 100चा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना या नियमांची गरज वेगळी सांगायला नको. टू-स्ट्रोकमध्ये ताकदीचे गणित मुख्यतः फुगीर कक्षेत होते आणि आवाज दाबण्याचे काम शेवटच्या सायलेन्सरमध्ये, त्यामुळे लांब, भरपूर पॅकिंगचा (आवाज शोषणाऱ्या भरणाचा) आणि ठिणगीरोधक असलेला सायलेन्सर घेतल्याने जाणारी ताकद सहसा किरकोळ असते. तरीही पाइपची जोडी घेताना सायलेन्सर वेगळा निवडता येतो का आणि त्यातले पॅकिंग बदलता येते का, हे विचारणारे गिऱ्हाईक कमीच. बहुतेकांची चौकशी अश्वशक्तीपाशीच थांबते.