जुना गेम नव्या संगणकावर चालवायचाय? आधी सीडी जपा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात लोक लॅपटॉप दुरुस्तीला घेऊन येतात आणि निघता निघता पिशवीतून एक जुनी सीडी काढतात. "भावा, ही चालंल काय रं? पोराला दाखवायचीय." बहुतेक वेळा चालते. पण आधी सीडी वाचली पाहिजे.

सीडीची चकचकीत बाजू आपण जपतो, खरी नाजूक बाजू मात्र नाव छापलेली. ॲल्युमिनियमचा पातळ थर त्या बाजूला, लाखेच्या एका लेपाखाली असतो. खालचा ओरखडा बऱ्याचदा पॉलिश करून निघतो. वरून थर खरवडला की तेवढी माहिती कायमची जाते. म्हणून तिच्यावर बॉलपेननं नाव लिहू नका. सीडी ट्यूबलाइटसमोर धरून बघा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे बरेच ठिपके दिसले, तर तिची कॉपी लगेच करून घ्या. पुसताना मऊ कापड मधून कडेकडं न्यायचं, गोल फिरवायचं नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात भिजलेल्या सीड्या अजूनही कुणाच्या माळ्यावर असतील, तर त्या कोरड्या पुसू नका. वाळलेला गाळ कानशीसारखा घासतो. साध्या पाण्यात भिजवून गाळ सुटू द्या आणि सावलीत वाळवा.

कॉपी करताना नुसत्या फाइली पेनड्राइव्हवर ओढून भागत नाही. १९९६ च्या 'क्वेक'सारख्या गेमचं संगीत सीडीवर गाण्याच्या ट्रॅकसारखं वेगळं असतं. फाइलींत ते येतच नाही. मग गेम मुका चालतो आणि लोकांना वाटतं, साउंडकार्ड बिघडलं. आम्ही ट्रॅकसकट अख्ख्या सीडीची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल असलेली इमेज फाइल, काढतो आणि दोन ठिकाणी ठेवायला देतो.

आता चालवण्याचं. डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीच्या, काळातला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आजच्या ६४-बिट विंडोजवर थेट उघडत नाही, कारण १६-बिट, म्हणजे त्या जुन्या पद्धतीचे, प्रोग्रॅम चालवायची सोयच तिच्यात ठेवलेली नाही. त्यासाठी डॉसबॉक्स हा मोफत प्रोग्रॅम आहे. तो संगणकात जुना डॉस संगणक उभा करतो. गेम फार पळत असेल तर कंट्रोल आणि एफ-११ दाबून वेग कमी करा, कंट्रोल आणि एफ-१२ नं वाढवा.

विंडोज ९५-९८ च्या काही गेमची गंमत वेगळीच. गेम ३२-बिटचा, म्हणजे चालण्याजोगा, पण त्याचा सेटअप, म्हणजे गेम बसवणारा प्रोग्रॅम, १६-बिटचा. ग्राहक सेटअपवरच अडकतो आणि सीडी खराब समजून टाकून देतो. कृपा करून टाकू नका.

'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग (१९९९) विंडोज ७ वर लावल्यावर गवत लाल आणि पाणी जांभळं दिसायचं. गेमला २५६ रंगांचा ठरावीक तक्ता लागतो आणि विंडोज मध्येच तो बदलायची. ग्राफिक्स कार्डाचा त्यात काही दोष नसतो, त्यामुळं नवं कार्ड घेऊ नका.

नक्कल होऊ नये म्हणून घातलेलं 'सेफडिस्क'चं कुलूप असलेल्या सीड्या मात्र विंडोज १० पासून चालत नाहीत. त्याचा ड्रायव्हर सुरक्षेसाठी काढून टाकलाय. अशा वेळी कंपनीची नवी आवृत्ती विकत मिळते का ते आम्ही बघतो. नसेल तर विंडोज एक्सपीचा जुना संगणक दुरुस्त करून देतो. त्याला इंटरनेट जोडायचं नाही, ही आमची अट.

एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. सुरुवातीच्या दिवसांत एका काकूंचा संगणक आम्ही न विचारता फॉरमॅट केला. परगावी शिकायला गेलेल्या मुलाचे क्रिकेटच्या गेममधले सगळे सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याच्या नोंदी, त्यात होते. काकू काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा विसरता येत नाही. तेव्हापासून सेव्ह फाइली काढल्याशिवाय आम्ही फॉरमॅट करत नाही. गेम पुन्हा मिळेल, ते सेव्ह मिळणार नाहीत.

स्वतः विकत घेतलेल्या प्रोग्रॅमची सुरक्षेसाठी प्रत काढायला प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ नं मुभा दिलीय. मूळ सीडी नसताना दुसऱ्याचा गेम आम्ही भरून देत नाही.

येताना सीडीची डबी आणि पुस्तिकाही आणा. सीडी-की, म्हणजे गेम बसवताना टाकायचा क्रमांक, बऱ्याचदा डबीच्या मागं चिकटवलेली असते. डबी हरवली असेल तर जुना संगणकच घेऊन या. गेम त्यात अजून असेल, तर की कधीकधी तिथं सापडते.