कॅम्प हॅचेट

कॅम्प हॅचेट : पाठपिशवीतून किंवा होडीतून नेता येणारी, एका हाताने चालवायची हलकी कुऱ्हाड. दांडा साधारणपणे ३० ते ४० सेंमी. लांब आणि पात्याचे वजन ४५० ते ७०० ग्रॅ. असते, सुमारे ३०० ग्रॅ. पात्याचे त्याहून छोटे प्रकारही मिळतात. सरपण तोडणे, मनगटाएवढे लाकूड फोडणे आणि तंबूच्या खुंट्या तासणे ही तिची नित्याची कामे.

तिचा सर्वांत परिचित आकार ‘हडसन बे’ नावाने ओळखला जातो. त्याचे पाते धारेच्या बाजूला खाली उतरलेले असते आणि दांडा बसवायचे भोक उंचीला आखूड असते, त्यामुळे लोखंड कमी लागूनही धार लांब मिळते. या नमुन्याच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांना फरच्या बदल्यात कुऱ्हाडी देत. त्यांतील बऱ्याच उत्तर स्पेनच्या बास्क प्रदेशात घडवलेल्या असल्याने त्यांना ‘बिस्के कुऱ्हाडी’ म्हणतात. कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात वेन्डॅट (ह्यूरन) या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांच्या उत्खननांत त्या सापडल्या आहेत. एका मतानुसार हाच आकार पुढे फरचा व्यापार करणाऱ्या हडसन बे कंपनीच्या (स्थापना १६७०) व्यवहारात रुळला आणि आजची हॅचेट त्याची थेट वंशज आहे. दुसऱ्या मताचा भर घडणीवर आहे. व्यापारी कुऱ्हाडीत लोखंडाची पट्टी भोकाभोवती वाकवून जोडलेली असे व मागे जाड पाठ नसे. आजच्या नमुन्याला चपटी पाठ असते आणि त्याचे भोक उंचीला आखूड असले, तरी आडव्या छेदात अमेरिकी कुऱ्हाडींसारखे लांबट असते. त्यामुळे हे नाव कारखानदारांनी जुन्या व्यापाराच्या लौकिकावरून नंतर दिले असावे. घडणीचा पुरावा पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पात्याच्या बाह्याकृतीतील नाते मात्र नाकारता येत नाही.

हौशी भटकंतीचे साधन म्हणून हॅचेटला महत्त्व आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ‘नेसमक’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स (१८२१–९०) यांनी १८८४ मधील ‘वुडक्राफ्ट’ या पुस्तकात छोट्या दुधारी हॅचेटचा पुरस्कार केला : एक धार पातळ, तर दुसरी गाठी व हाडांसाठी जाड. मिशिगनमधील ग्लॅडस्टोनच्या वेबस्टर मार्बल यांनी १८९८ मध्ये धारेवर येणारे व दांड्यात मिटणारे संरक्षक झाकण असलेल्या खिसा-कुऱ्हाडीचे पेटंट घेतले. पाते व दांडा एकाच पोलादातून घडवणारी एस्टविंग कंपनी १९२३ मध्ये इलिनॉयमधील रॉकफर्ड येथे सुरू झाली.

घावाची ऊर्जा वस्तुमानाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हॅचेटमध्ये वस्तुमान कमी आणि आखूड दांड्यामुळे वेगही कमी, म्हणून उणीव धारेने भरून काढावी लागते. पाते पातळ ठेवून धारेचा कोन ३०° च्या आसपास राखतात. असे पाते लाकडात खोल जाते, पण रुतूनही बसते. ओंडके फोडायला त्याची पाचर अपुरी पडते. हडसन बे नमुन्यात आणखी एक अडचण असते. भोक आखूड असल्याने दांड्याला पकड कमी मिळते आणि पाते सैल होते. वजनातील बचतीची ही किंमत फार मोठी आहे, कारण सैल पाते घाव घालताना निसटू शकते. दांड्याचे लाकूड बहुधा हिकरी किंवा अॅश या चिवट लाकडाच्या झाडांचे असते. दांड्याच्या टोकाकडून पाहिल्यास लाकडाच्या रेषा पात्याला समांतर असाव्यात. आडव्या रेषांचा दांडा लवकर मोडतो.

हॅचेट लहान म्हणून निर्धोक, हा समज घातक आहे. उभ्याने वार केल्यास खांद्यापासून धारेपर्यंतचे अंतर जेमतेम ९०–१०० सेंमी. भरते. नेम चुकला तर पाते जमिनीला न लागता नडगीकडे किंवा गुडघ्याकडे वळते. लांब दांड्याची कुऱ्हाड अशा वेळी बहुधा जमिनीत जाते. म्हणून गुडघे टेकून, समोर ठोकळा ठेवून काम करतात. काटकी फोडायची सर्वांत सुरक्षित रीत म्हणजे काटकीच्या कडेला रेषेच्या दिशेने धार टेकवून दोन्ही एकदमच ठोकळ्यावर आपटणे. धार रुतली की मनगट किंचित पिळताच लाकूड उकलते. आडवे तोडताना सरळ घाव न घालता सुमारे ४५° च्या तिरप्या घावांनी खाच पाडतात व ढलप्या काढत जातात. पडलेल्या झाडाच्या फांद्या बुंध्याकडून शेंड्याकडे छाटतात आणि खोड आपल्या व पात्याच्या मध्ये ठेवतात. कडाक्याच्या थंडीत पोलाद ठिसूळ होते, तेव्हा धार आधी हाताने ऊबवून घ्यावी. पाठीने दुसऱ्या पोलादी वस्तूवर ठोकल्यास भोकाच्या भिंती फाकतात. काम थांबले की धार म्यानात हवी.

धार बोथट झाल्यास कानशीने आकार देऊन दगडावर गोलाकार घासतात. दांड्याला जवसाचे तेल देतात.

महाराष्ट्रात ही कामे परंपरेने कोयता व गावठी कुऱ्हाडच करतात. त्यांच्या दांड्यांसाठी धावड्यासारखे चिवट लाकूड वापरतात. हॅचेट येथे मुख्यतः गिर्यारोहकांच्या सामानातून येते. मात्र हरिश्चंद्रगडासारखे अनेक किल्ले अभयारण्यांत आहेत आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्रासह प्रवेश करता येत नाही. अधिनियमातील शस्त्राच्या व्याख्येत सुऱ्यांचाही समावेश आहे. राखीव वनात झाडे तोडण्यास भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार मनाई आहे.