नवा गुडघा, झोपलेली मांडी

गुडघा बदलून दोन दिवस झालेले असतात. फिजिओथेरपिस्ट खाटेशी येते, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवते आणि म्हणते, "काका, गुडघ्याने टॉवेल खाली दाबा बघू." काका सत्तरीला टेकलेले, हयात गडकिल्ल्यांवर गेलेली. ते दातओठ खाऊन जोर लावतात. टाच हलते, कंबर उचलली जाते, कपाळाला घाम फुटतो. पण गुडघ्याच्या वाटीच्या वर, मांडीच्या आतल्या बाजूचा जो स्नायू टणक व्हायला हवा, तो ढिम्म. बोट लावलं तर थुलथुलीत लागतो. नस तर कापली गेली नाही ना, ही शंका काकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते.

नस शाबूत असते. मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायूंचा जुडगा असतो, त्याला क्वाड्रिसेप्स म्हणतात. गुडघा सरळ करणं आणि वाकताना त्याला सावरून धरणं हे त्याचं काम. सांध्यात सूज आली, की तिथले संवेदक मज्जारज्जूकडे संदेशांचा मारा सुरू करतात आणि मज्जारज्जू क्वाड्रिसेप्सला जाणारा हुकूम दाबून टाकतो. मेंदू हुकूम सोडतोय, स्नायू धडधाकट आहे, पण मधल्या नाक्यावर गाडी अडवून ठेवलेली. हे आपल्या इच्छेच्या बाहेरचं आहे, म्हणून "जरा मनावर घ्या" असं पेशंटला सुनावण्यात काही अर्थ नसतो.

निरोगी गुडघ्यात वंगणाचा द्रव चमचाभरही नसतो. संशोधकांनी चांगल्या गुडघ्यात मिठाचं निर्जंतुक पाणी टोचून पाहिलं. 20 ते 30 मिलिलिटर पाण्यानेच आतल्या बाजूचा स्नायू मंदावला; 50-60 मिलिलिटरपर्यंत गेल्यावर बाकीचेही मंदावले. जखम नाही, टाके नाहीत, फक्त पाणी. ऑपरेशननंतर सांध्यात रक्त आणि द्रव साठतो, तेव्हा काय होत असेल याची कल्पना यावरून यावी. दुर्बिणीतून केलेल्या छोट्या शस्त्रक्रियेतही सूज आली की हेच घडतं, भोकं दोनच पाडली म्हणून मांडी सवलत देत नाही.

पूर्ण गुडघा बदलल्यावर पहिल्या महिन्याच्या शेवटी क्वाड्रिसेप्सची ताकद ऑपरेशनआधीच्या तुलनेत सुमारे 60 टक्क्यांनी घटलेली आढळते. आणि 'ऑपरेशनआधीची' म्हणजे तरी कुठली, वर्षानुवर्षं लंगडत चालून आधीच खालावलेली. या घटीत स्नायू बारीक होण्याचा वाटा असतो, पण त्याहून मोठा वाटा स्नायू पुरता चेतवलाच न जाण्याचा असतो.

त्यात घरची माणसं प्रेमापोटी म्हणतात, "आता महिनाभर उठायचं नाही." अमेरिकेतल्या एका प्रयोगात निरोगी ज्येष्ठांना 10 दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांतून जवळजवळ 1 किलो स्नायू गेला. तरुणांना असा तोटा भरून काढणं सोपं जातं, साठीनंतर ते फार चिवट काम होतं. म्हणून हल्ली ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीच वॉकर हातात देऊन उभं करतात. बर्फाचा शेक वेदनेसाठी असतो असा समज आहे. पण थंडाव्याने मज्जारज्जूचा तो अडसरही थोडा वेळ सैल होतो, त्यामुळे व्यायामाआधी शेकलं तर जास्त फायदा. मांडीला पॅड लावून हलका विद्युतप्रवाह देतात, त्यात तर मेंदूचा हुकूम लागतच नाही. स्नायू परस्पर आकसतो.

दोन-तीन महिन्यांत सपाटीवरचं चालणं जमू लागतं आणि इथेच ट्रेकर फसतो. बर्लिनमधल्या संशोधकांनी काही पेशंटना आत संवेदक बसवलेले कृत्रिम गुडघे दिले आणि चालता-चालता सांध्यावर किती भार येतो ते थेट मोजलं. सपाटीवर तो वजनाच्या सुमारे 2.6 पट, जिना चढताना 3.2 पट, उतरताना 3.5 पट भरला. म्हणजे 70 किलोच्या माणसाच्या गुडघ्यावर प्रत्येक पायरी उतरताना 240 किलोच्या आसपास. चढताना क्वाड्रिसेप्स आखडत शरीर वर उचलतो. उतरताना तो ताणला जात असतानाच ब्रेक लावतो. ब्रेकचं काम करताना दम लागत नाही, म्हणून थकवा उशिरा कळतो. मांडीने हात टेकले, की पाऊल आदळतं आणि तो हिसका सांध्यात जातो.

आपल्याकडच्या पायी चालणाऱ्या ज्येष्ठांचे दोन प्रकार इथे वेगळे काढायला हवेत. आळंदी ते पंढरपूर हा सुमारे 250 किलोमीटरचा रस्ता आहे, पण त्यातला दिवे घाट जाताना चढायचा असतो. मोठी उतरंड वाट्याला येत नाही, कसोटी लागते ती रोजच्या रोज डांबरावर चालण्याची. राजगडासारख्या गडावर अंतर थोडं असतं, पण बसाल्टच्या उंच टप्प्यांवरून उतरताना ब्रेकवर ब्रेक लावावा लागतो. डॉक्टरांना "चालू का?" असं विचारलं तर "चाला" असंच उत्तर येणार. "उंच पायऱ्या उतरू का?" असं विचारावं.

शिवाय नव्या गुडघ्याची वाकण्याची सीमा असते. जिन्याला साधारण 90 ते 100 अंश पुरतात, नव्या गुडघ्यात 110 ते 120 मिळतात. उकिडवं बसायला त्याहून बरंच जास्त लागतं, त्यामुळे झऱ्याकाठी पूर्वीसारखं बसून बाटली भरणं बहुधा गेलं. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला हाताच्या पंजाएवढा बधिर पट्टा राहतो. तिथली एक बारीक संवेदी नस चिऱ्यात कापली जाते आणि त्याने ताकद जात नाही. पोटरी अचानक सुजून दुखायला लागली, तर मात्र सूज व्यायामाने आली असेल असं म्हणून थांबू नये, रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

दोन काठ्यांबद्दल अजूनही काही जुन्या खोडांना संकोच वाटतो. तीव्र उतारावर मोजमाप केलं तेव्हा काठ्यांमुळे गुडघ्यावरचा भार 12 ते 25 टक्क्यांनी कमी झाला. गोळी न घेता एवढा फरक पडत असेल, तर तो संकोच मला तरी परवडणारा वाटत नाही.

पुणेकरांची सोय म्हणजे सिंहगड. वर गाडीरस्ता जातो, त्यामुळे आतकरवाडीच्या वाटेने पायी चढून जीपने खाली येता येतं. चढाईने मांडी घडते आणि ब्रेकचं काम टळतं. उतरणं घरच्या एका पायरीवर शिकायचं: साधारण 15-20 सेंटिमीटरच्या पायरीवर ऑपरेशन झालेल्या पायावर उभं राहून दुसरी टाच तीन सेकंद घेत सावकाश जमिनीला टेकवायची, कठड्याला हात लावून, समोर आरसा ठेवून. कंबर एका बाजूला कलली किंवा टाच धपकन आदळली, तर पायरी कमी उंचीची घ्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा फुगलेला दिसला, तर कालचा डोस जास्त झाला असं समजून तो निम्म्यावर आणायचा, कारण सूज आली की मांडीचा हुकूम पुन्हा अडणार.