समलिंगी वाचकांचे विज्ञानकथा-फॅन्डम

विज्ञानकथा आणि अद्‌भुतकथा झपाटून वाचणाऱ्या, त्यांवर तासन्‌तास बोलणाऱ्या आणि त्यांतली पात्रे घेऊन स्वतः लिहिणाऱ्या समलिंगी व इतर क्वीअर (लैंगिकता किंवा लिंगओळख रूढ चौकटीबाहेरची असलेल्या) चाहत्यांचा गोतावळा. समलिंगी पात्रांची पुस्तके शोधून वाचणे एवढाच त्याचा अर्थ नाही. कुठल्याही कथेत आपल्याला जागा आहे का हे पाहणे, नसेल तर ती लिहून काढणे, हे त्याचे मुख्य काम. मोठ्या शहराबाहेर त्याला आणखी एक मोल येते. चार अनोळखी माणसांनी एकत्र बसायला पुस्तक हे पुरेसे कारण असते आणि त्याचा खुलासा घरी किंवा शेजारी करावा लागत नाही. सातारा-सांगलीत या फॅन्डमची मांडणी याच गोष्टीवर उभी राहते.

पूर्वपीठिका

विज्ञानकथेचे चाहते आणि समलिंगी चळवळ यांची गाठ जुनी आहे. 1940च्या दशकात लॉस एंजेलिसच्या चाहत्यांत ‘टायग्रिना’ या नावाने वावरणाऱ्या तरुणीने 1947-48मध्ये ‘व्हाइस व्हर्सा’चे नऊ अंक काढले. अमेरिकेतले हे पहिले ज्ञात लेस्बियन नियतकालिक. ती एका फिल्म स्टुडिओत सेक्रेटरी होती. ऑफिसच्या टाइपरायटरवर कार्बन लावून प्रत्येक अंकाच्या दहा-बारा प्रती निघत आणि वाचून झालेली प्रत पुढे दिली जाई. पुढे ती लिसा बेन या टोपणनावाने ओळखली गेली. त्याच वर्तुळातल्या जिम केपनर यांच्या संग्रहातून समलिंगी इतिहासाचे एक मोठे अभिलेखागार उभे राहिले.

साहित्यात थिओडोर स्टर्जन यांची 1953ची ‘द वर्ल्ड वेल लॉस्ट’ ही कथा समलिंगी प्रेमाकडे सहानुभूतीने पाहणाऱ्या सुरुवातीच्या विज्ञानकथांपैकी एक. अर्सुला ले ग्विन यांनी 1969मध्ये कायमचे लिंग नसलेल्या माणसांचा ग्रह रंगवला. सॅम्युएल डिलेनी यांनी स्वतः समलिंगी असून या प्रांतातले सर्वोच्च सन्मान मिळवले. 1974मध्ये एका हौशी अंकात अमेरिकन टीव्ही मालिकेतल्या दोन नायकांची प्रेमकथा छापली गेली आणि तिथून ‘स्लॅश’ फॅनफिकची, म्हणजे दुसऱ्याच्या कथेतली पात्रे घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या समलिंगी प्रेमकथांची, छापील परंपरा मोजतात. 1988पासून ‘गेलॅक्सिकॉन’ ही संमेलने भरू लागली. 2009मध्ये खुले झालेले ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे चाहत्यांनीच चालवलेले कथाभांडार 2019मध्ये विज्ञानकथेतल्या ह्यूगो पुरस्कारापर्यंत पोचले.

मराठीत टोपणनावाची परंपरा थेट विज्ञानकथेच्या उंबरठ्यावरच भेटते. जयंत नारळीकरांनी 1974मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरे उलटी फिरवून. परीक्षकांवर नावाचे वजन पडू नये एवढाच त्यांचा हेतू होता. नाव बाजूला ठेवून लिखाण पुढे करण्याची मुभा मात्र सगळ्यांना सारखीच उपयोगी पडते.

अद्‌भुताची मुळे आणखी मागे जातात. विष्णुदास भाव्यांनी 1843मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, त्यात देव होते, राक्षस होते आणि स्त्रियांची कामे पुरुषच करत. या स्त्रीपार्टी नटांना सरसकट समलिंगी इतिहासात ओढणे चूक आहे. रंगमंचावरचा वेष आणि माणसाची ओढ या वेगळ्या गोष्टी आहेत. हीच गफलत पुराणकथांबाबत होते. महाभारताच्या अनुशासनपर्वातला भंगास्वन राजा स्त्री होतो आणि इंद्राने पुन्हा पुरुष करायची तयारी दाखवली तरी स्त्रीच राहणे पसंत करतो. ही कथा लिंगबदलाची आहे, समलिंगी प्रेमाची नाही. तिच्यावर नवी कथा बेतताना हा फरक सुटला की ट्रान्स वाचक आणि गे वाचक दोघेही दुखावतात, आणि रास्तपणे.

कट्टा चालवताना

सहा ते दहा माणसांचा वाचनकट्टा टिकतो. चार-पाचच असतील तर दोघे गैरहजर राहिले की बैठक बारगळते. बारा-पंधरा झाले की बुजरा माणूस तोंड उघडत नाही. कादंबरीपेक्षा वीस-पंचवीस पानांची कथा घ्यावी आणि पंधरा दिवस आधी पाठवावी. कादंबरी निम्म्यांची वाचून होत नाही आणि मग चर्चा कथानक सांगण्यातच संपते. भिन्नलिंगी वाचकांनाही बोलवावे. त्याने कट्ट्याचे वाचन सुधारते, शिवाय कट्ट्यावर दिसला म्हणजे अमुकच, असा शिक्का कुणावर बसत नाही. ‘तू गे आहेस का’ हा प्रश्न कुणीही कुणाला विचारायचा नाही आणि फोटो काढायचे नाहीत, हे दोन नियम पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावेत. साताऱ्यात राजवाड्यावरून पोवई नाक्यापर्यंत जाताना ओळखीचे कुणी ना कुणी भेटतेच, म्हणून बैठक चोरून घेण्यापेक्षा वाचनालयात किंवा कॅफेत उघडपणे, पुस्तक टेबलावर ठेवून घेतलेली बरी.

दिवसभराच्या सहलीला पाचगणीजवळचे भिलार सोयीचे आहे. 4 मे 2017 रोजी सुरू झालेल्या या पुस्तकांच्या गावात घराघरांत साहित्यप्रकारानुसार पुस्तके मांडलेली आहेत आणि ती तिथेच बसून वाचता येतात. पण ती राहती घरे आहेत. खासगी बोलणे बाहेर चालताना करावे.

गोपनीयता फुटते ती बहुधा किरकोळ जागी. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, पण ती सेटिंग आधी करावी लागते; शिवाय खाते उघडताच ज्यांच्याकडे आपला नंबर आहे अशा टेलिग्राम वापरणाऱ्यांना तसा संदेश जाऊ शकतो. वर्गणी यूपीआयने घेतली की टोपणनावाचा उपयोग संपतो, कारण बँकेतले खरे नाव समोर येते. म्हणून वर्गणी रोखीने घ्यावी. किंडलच्या लॉक स्क्रीनवर चालू पुस्तकाचे मुखपृष्ठ दिसते, तेही बंद करता येते. पुस्तकाचे पार्सल घरी कुणीही फोडेल अशी परिस्थिती असेल तर ज्याच्याकडे ती अडचण नाही त्याच्या पत्त्यावर मागवावे.

6 सप्टेंबर 2018च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. उत्तान मजकूर इंटरनेटवरून पसरवणे मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67खाली आजही सर्वांनाच अडचणीत आणू शकते. तशा फॅनफिक ग्रुपमध्ये टाकू नयेत आणि अठरा वर्षांखालच्यांचे वाचन पूर्ण वेगळे ठेवावे.

मराठीत लिहिताना

मराठी क्वीअर फॅनफिकची खरी कसोटी क्रियापदात लागते. निवेदकाचे लिंग उघड करायचे नसेल तर ‘मी गेलो’ की ‘मी गेले’ हा पेच पहिल्याच वाक्यात येतो. सुटकेच्या वाटा ठरलेल्या आहेत. भविष्यकाळ निर्धोक: ‘मी जाईन’. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जाते: ‘मी दार उघडलं’, ‘मी पत्र वाचलं’. ‘मला दिसलं’, ‘मला वाटलं’ हेही चालते. घात होतो तो ‘म्हणालो’, ‘विसरलो’, ‘शिकलो’, ‘प्यायलो’ यांसारख्या क्रियापदांनी, कारण ती कर्त्याच्याच मागे जातात. तिथे ‘म्हटलं’, ‘लक्षात राहिलं नाही’ असे बदल करावेत. सगळी कथा लिहून झाल्यावर फक्त क्रियापदे तपासणारे एक वाचन वेगळे करावे, एरवी एखादे ‘बसलो’ सुटतेच.

इथल्या लेखकाच्या हाती आणखी एक साधन आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या बोलीत बायकाही ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. त्या बोलीतला निवेदक शेवटपर्यंत संदिग्ध ठेवता येतो आणि भाषा ओढूनताणून आणलेली वाटत नाही. प्रमाण मराठीला हे जमत नाही. दोन तरुणांच्या प्रेमकथेत ‘प्रिये’चा पुल्लिंगी अवतार शोधत बसू नये, साताऱ्याची पोरे एकमेकांना ‘भावा’ म्हणतात, आणि चारचौघांत तेच म्हणणारे दोघे एकांतात एकमेकांना नावाने हाक मारू लागले की वाचकाला सगळे कळते.

कथा ऑनलाइन कथाभांडारात टाकताना प्रेमजोडी, वयोगट आणि हिंसा किंवा मृत्यूची सूचना हे टॅग प्रामाणिकपणे भरावेत. शेवटी नायक मरतो हे लपवून वाचकाला धक्का देण्यात मर्दुमकी नाही. समलिंगी पात्रांचे असे मरण या वाचकांनी गरजेपेक्षा फार जास्त वाचले आहे.

अंक आणि वेष

छापील हौशी अंकासाठी ए-फोर कागद मधोमध दुमडून ए-फाइव्ह पुस्तिका करणे सर्वांत स्वस्त. चार कागदांची सोळा पाने होतात. पानांची संख्या चारने भागली जायलाच हवी, नाहीतर शेवटी कोरी पाने उरतात. पाठपोट छपाईत ‘आखूड बाजूवर उलटा’ हा पर्याय निवडला नाही तर एकाआड एक पान उलटे येते. डीटीपीच्या दुकानात युनिकोड फाइल जुन्या पेजमेकरमध्ये उघडली की जोडाक्षरे आणि वेलांट्या विस्कटतात. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफच न्यावी. नियतकालिक म्हणून काढल्यास नोंदणी लागते आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता द्यावा लागतो. त्यामुळे कट्ट्यातल्या कट्ट्यात वाटण्याचे एकदाच काढलेले संग्रह सोयीचे.

कॉसप्लेसाठी, म्हणजे आवडत्या पात्राचा वेष करण्यासाठी, पाच मिलिमीटर ईव्हीए फोम (हलका, रबरासारखा फोम) पुरतो. चिलखताच्या जाड भागांना दहा. हीट गनने पृष्ठभाग बंद करावा, मग पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलचे तीन-चार हात द्यावेत. पावसाळ्यात प्रत्येक हात वाळायला फार वेळ लागतो आणि घाई केली की रंग सोलतो. थर्मोकोलवर स्प्रे पेंट मारू नये, त्यातल्या द्रावकाने थर्मोकोल विरघळतो. मुंबईच्या कॉमिक कॉनला (चाहत्यांच्या संमेलनाला) महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी पोचता येते, पण तलवार किंवा पंख दोन तुकड्यांत सुटतील असेच बनवावेत. बर्थखाली लांब वस्तू बसत नाही.

जुने अंक जपताना सांगलीत कृष्णेचा विचार आधी करावा. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे आणि ऑगस्ट 2019मध्ये पाणी 57 फुटांवर गेले होते. एक प्रत वरच्या मजल्यावर, एक दुसऱ्या गावी आणि 300 डीपीआयचे स्कॅन निदान दोन ठिकाणी ठेवावे. स्कॅनच्या फाइलला लेखकाचे टोपणनावच द्यावे, आणि खऱ्या नावांची यादी कुठेही करू नये.