सागरेश्वरची झाडे आणि गवत

सांगली जिल्ह्यातील चांदोलीचे घनदाट सदाहरित जंगल आणि देवराष्ट्रेजवळचे सागरेश्वर अभयारण्य यांच्यात सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरचेच अंतर आहे. मात्र सह्याद्रीचा माथा ओलांडताना ढग रिते होत जातात आणि सागरेश्वरच्या डोंगरांवर पर्जन्यछायेतला तुटपुंजा पाऊस तेवढा पडतो. हे डोंगर एके काळी उघडेबोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून तेथे झाडे उभी राहिली, वन्यप्राणी आणून सोडण्यात आले आणि १९८५ साली या १०.८७ चौरस किलोमीटर क्षेत्राला अभयारण्याचा दर्जा मिळाला. माणसांनी घडवलेले अभयारण्य म्हणून त्याचे कौतुक होते आणि ते रास्तच आहे.

तथापि, अशा कोरड्या मुलखाची वनस्पतिविविधता केवळ उंच झाडांवरून मोजणे मला अपुरे वाटते. खैर, हिवर, धावडा, बोर यांच्यामधल्या मोकळ्या जागेत वाढणारे गवत हाही तितकाच महत्त्वाचा वारसा आहे.

कुसळी या गवताचेच पाहा. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते असे आपण म्हणतो, ते कुसळ अशाच गवताचे. दिवाळीनंतर माळावरून चालून आले की ही कुसळे कपड्यांत रुतून बसलेली असतात. त्यांतले एक तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब सोडला, तर त्याची पिळदार शेपटी हळूहळू उलगडत फिरू लागते आणि वाळली की पुन्हा पीळ घेते. शेपटीतील पेशींच्या भित्तिका पाणी शोषून असमान फुगतात, त्यामुळे ही हालचाल होते. दाण्याचे टोक सुईसारखे अणकुचीदार असून त्यावरील ताठ केस मागे वळलेले असतात. म्हणून दाणा पुढे सरकतो, पण सहसा मागे येत नाही. दव आणि ऊन यांच्या आळीपाळीने तो मातीत शिरतो आणि उन्हाळ्यातल्या वणव्यातही तेथे सुरक्षित राहतो.

अशा गवताला भरपूर ऊन लागते. वनीकरणासाठी मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेला गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हा वृक्ष दाट लावला, की डोंगर लवकर हिरवा दिसतो खरा, परंतु त्याच्या सावलीत माळाचे गवत तग धरत नाही. सागरेश्वरात चितळ आणि काळवीट यांची भिस्त मुख्यतः गवतावर आहे, तर सांबर गवताबरोबर झाडाझुडपांचा पालाही आवडीने खाते.

गवतातही एकाच जातीवर भागत नाही. कुसळी कोवळी असेतोवर जनावरे ती चवीने खातात. दाणे धरल्यावर मात्र तीच कुसळे तोंडात आणि हिरड्यांत टोचतात, हे कोणताही गुराखी सांगेल. त्या दिवसांत शेजारी मारवेल आणि पवन्या ही गवते उभी असावी लागतात.