अभयवचन

अभयवचन : भ्यालेल्या किंवा शंकेने पोखरलेल्या भक्ताला देवाने अथवा सद्गुरूने दिलेला ‘भिऊ नकोस’ हा शब्द, आणि तो शब्द धरून वाईट दिवस काढण्याची भक्ताची रीत. महाराष्ट्रात आणि गोव्यात ही कल्पना ब्रीद, कौल, अभय, वचन अशा निरनिराळ्या नावांनी वावरते. मराठी ख्रिस्ती समाजात ‘अभिवचन’ हा शब्द रूढ आहे. नवस आणि अभयवचन यांची पुष्कळदा गल्लत होते. नवस माणूस बोलतो : अमुक झाले तर तमुक करीन. अभयवचन देव बोलतो, तेही बहुधा अट न घालता. नवस फेडायचा भक्ताने, अभयवचन पाळायचे देवाने. देव ते पाळत नाही असे वाटू लागले की भक्त काय करतो, हा या विषयातला सर्वांत रंगतदार भाग आहे. मराठी संतांपैकी बरेच जण अशा वेळी गप्प बसलेले नाहीत.

मूळ वचने

या कल्पनेचा सर्वांत स्पष्ट उच्चार वाल्मीकिरामायणाच्या युद्धकांडात आहे. रावणाला सोडून चार सोबत्यांसह बिभीषण रामाच्या छावणीपाशी येतो. सुग्रीवाला तो हेर वाटतो आणि त्याला मारून टाकावे असे तो सुचवतो. त्यावर राम म्हणतो, ‘मी तुझा’ असे एकदा म्हणून जो शरण येतो त्याला मी सर्व भूतांपासून अभय देतो, हे माझे व्रत आहे. मग तो बिभीषण असो की खुद्द रावण. ‘अभयं सर्वभूतेभ्यो ददाम्येतद्व्रतं मम’ या ओळीत ‘व्रत’ हा शब्द आला आहे. व्रत मोडले तर दोष मोडणाऱ्याला लागतो. देवाला स्वतःच्या शब्दात अडकवण्याची सोय त्याच्याच तोंडून झाली, ती अशी.

भगवद्गीतेत अशी वचने तीन ठिकाणी ठळकपणे येतात. अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे ‘मा शुचः’, म्हणजे शोक करू नकोस. नवव्या अध्यायात ‘न मे भक्तः प्रणश्यति’, माझ्या भक्ताचा नाश होत नाही. इथे एक गंमत आहे : श्रीकृष्ण हे स्वतः जाहीर न करता अर्जुनाला सांगतो की, तू तशी प्रतिज्ञा कर. त्याच अध्यायातले ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ हे तिसरे वचन. नाही ते मिळवून देणे हा योग, आहे ते राखणे हा क्षेम. या श्लोकावर ज्ञानेश्वरीत (शके १२१२) ज्ञानेश्वरांनी पंख न फुटलेल्या पिलांसाठीच जगणारी पक्षिणी आणि स्वतःची तहानभूक विसरून तान्ह्याचे करणारी माउली आणली आहे. पुढे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय आयुर्विमा महामंडळाने हेच शब्द बोधवाक्य म्हणून घेतले, ज्योतीला आडोसा देणाऱ्या दोन हातांच्या चित्राखाली. देवाचे वचन हप्त्याच्या पावतीवर छापले गेले आणि कुणालाही ते खटकले नाही.

याच गीतेत ‘संशयात्मा विनश्यति’ असेही म्हटले आहे. शंका घेणाऱ्याला धाक दाखवायला हे वाक्य फार वापरले जाते. पण ते ज्याला उद्देशून आहे तो अर्जुन त्यानंतरही प्रश्न विचारतच राहतो आणि श्रीकृष्ण त्याला उत्तरे देत राहतो, इकडे सहसा लक्ष जात नाही.

कमरेवरचे हात

मूर्तिशास्त्रात अभय दाखवायची खूण ठरलेली आहे : उजवा हात वर, तळवा समोर. बुद्धाच्या, गणपतीच्या, देवीच्या अनेक मूर्तींत ही अभयमुद्रा दिसते. पंढरपूरच्या विठ्ठलाला मात्र ती नाही. त्याचे दोन्ही हात कटीवर. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या पांडुरंगाष्टकाने या हातांतूनच अभय वाचले आहे. माझ्या माणसांना भवसागर एवढाच खोल आहे, असे तो कमरेवर हात ठेवून दाखवतो आहे, असा त्या श्लोकाचा भाव. पाण्यात उतरलेला माणूस काठावरच्यांना ‘या, कमरेएवढंच आहे’ असे खुणेने सांगतो, तसे हे आहे. चंद्रभागेत पाय टाकण्यापूर्वी पाण्याचा अंदाज घेणाऱ्याला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

ब्रीद आणि भांडण

संतवाङ्मयात या वचनाला मुख्यतः ‘ब्रीद’ म्हणतात. ब्रीद म्हणजे मिरवायची खूण, बिरुद. देवाने पतितपावन हे बिरुद लावले आहे, तेव्हा ते त्याने खरे करून दाखवावे, असा संतांचा रोखठोक हिशेब असतो. नामदेवांचा ‘पतितपावन नाम ऐकुनी आलो मी द्वारा, पतितपावन नव्हेसी म्हणुनी जातो माघारा’ हा अभंग म्हणजे दुकानाची पाटी वाचून आत आलेल्या आणि माल न मिळाल्यामुळे पाय आपटत निघालेल्या गिऱ्हाइकाची तक्रार आहे. पुढे तर हे नाव तुला ठेवले कोणी, असे ते देवालाच विचारतात. जनाबाई त्याहून मोकळी. ती ‘अरे विठ्या विठ्या’ अशी हाक मारून सरळ शिव्यांवर येते. यातले काहीही अविश्वासातून आलेले नाही. दाराशी कुणी नाहीच असे वाटणारा माणूस दार वाजवत नाही.

चोखामेळ्याच्या बाबतीत भीती रूपकातली नव्हती. ‘धाव घाली विठू आता चालू नको मंद, बडवे मज मारिती’ या ओळीत बडव्यांचा, म्हणजे मंदिराच्या पुजाऱ्यांचा, मार खाणारा माणूस देवाला जरा भरभर चाल म्हणतो आहे. चोखोबांचा शेवट मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून झाला. परंपरेने ते साल १३३८ मानले जाते. त्यांची समाधी पंढरपूरला मंदिराच्या बाहेरच आहे. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा ते मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले झाले. सर्व भूतांना दिलेले अभय देवळाच्या उंबऱ्यावर सहाशे वर्षे अडून राहिले होते, आणि अडवणारी माणसे होती.

तुकारामांच्या आयुष्यात वचन आणि अनुभव यांची ओढाताण पायरीपायरीने दिसते. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. पुढे विरोधामुळे अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या आणि ते नदीकाठी धरणे धरून बसले. ‘तेरा दिवस जाले निश्चक्र करितां, न पवसी अनंता मायबापा’ असे ते म्हणतात (निश्चक्र म्हणजे कडकडीत उपास), आणि दगडाची खोळ पांघरून बसलास की काय, असे देवाला विचारतात. एका अभंगात तर ‘माझे लेखीं देव मेला, असो त्याला असेल’ इथवर मजल गेली आहे. परंपरा सांगते की वह्या पाण्यावर तरल्या; त्यानंतरचा सूर वेगळा आहे : ‘थोर अन्याय केला, तुझा अंत म्यां पाहिला’. लोकांच्या बोलण्याने मी तुला छळले, अशी ती कबुली आहे. ‘जेथें जातों तेथें तूं माझा सांगाती’ हा घरोघरी म्हटला जाणारा अभंगही याच माणसाचा. तो एरवी फार गोड वाटतो. वरच्या ओळींशेजारी ठेवून वाचला की त्याला वजन येते. आणखी एका अभंगात भार टाकून निश्चिंत झाल्याचे सांगताना ते लिहितात, ‘लावूनियां हातें कुरवाळिला माथा, सांगितलें चिंता न करावी’. इथे अभयाचा हात हवेत उचललेला नाही, तो डोक्यावरून फिरतो आहे.

रामदासांची तऱ्हा उलटी. तुकाराम देवाशी भांडतात, रामदास मनाशी. मनाच्या श्लोकांत ते घाबरलेल्या मनाची गय करत नाहीत : ‘भवाच्या भये काय भीतोस लंडी’. लगेच पुढच्या श्लोकात ‘मना वाक्य नेमस्त हे सत्य मानी, नुपेक्षी कदा रामदासाभिमानी’ असे ठासून सांगतात आणि हे शेवटचे चरण श्लोकामागून श्लोक घोळवतात. तिन्हीसांजेला ते एका सुरात म्हणणाऱ्या मुलांना ‘नुपेक्षी’चा (उपेक्षा करत नाही) अर्थ ठाऊक नसतो, पण अंधारात माडीवर जाताना ओळ उपयोगी पडते.

कौल

कोकण आणि गोव्यात देवाचे वचन ग्रंथातून न घेता समोरासमोर मागितले जाते. गुरव किंवा पुजारी ओल्या पाकळ्या, पानाचे तुकडे किंवा तांदळाचे दाणे मूर्तीच्या ठरलेल्या जागांवर चिकटवतो आणि घरचे लोक हात जोडून नजर न हलवता पाहत राहतात. उजवीकडचे आधी पडले की उजवा कौल, काम होणार. डावीकडचे पडले की डावा. कधी पाकळी पडतच नाही, पंखा बंद करायला लावतात, कुणी खोकले तरी सगळे वळून बघतात. त्याआधी गाऱ्हाणे घातलेले असते : ‘काय चुकला माकला असात ता पदरात घे, रे म्हाराजा!’ आणि जमलेल्यांचा एकमुखी ‘होय म्हाराजा!’ गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. देवापुढे तक्रार मांडायची आणि त्याचा शब्द घेऊन उठायचे, असा हा व्यवहार आहे.

‘कौल’ हा शब्द मूळ अरबी, अर्थ बोललेला शब्द, वचन. मराठेशाहीत लढाईमुळे किंवा दुष्काळामुळे परागंदा झालेल्या रयतेला परत बोलावताना सरकार कौल देत असे : गावी या, उपद्रव होणार नाही. पडीक जमीन लावणाऱ्याला पहिली काही वर्षे कमी आणि पुढे चढता सारा, असा इस्ताव्याचा कौलही असे. ओस गावात परतायचे की नाही हे त्या कागदावर ठरे. देवाच्या आणि दिवाणाच्या आश्वासनाला एकच शब्द असावा, यात नवल नाही. घाबरलेल्या माणसाला दोघांकडून हवे असते ते सारखेच.

अक्कलकोट आणि शिर्डी

आजच्या महाराष्ट्रात अभयवचन म्हटले की पहिल्यांदा आठवते ते अक्कलकोटच्या स्वामी समर्थांचे ‘भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे’. स्वामी वीसेक वर्षे अक्कलकोटात राहिले आणि १८७८ मध्ये समाधिस्थ झाले. ‘हम गया नहीं, जिंदा है’ हे त्यांचे म्हणून सांगितले जाणारे दुसरे वाक्य पहिल्याला जामीन राहते : वचन देणारा गेलेला नाही, तेव्हा वचनही चालू आहे. त्यांच्या भक्तांत प्रचलित असलेला तारक मंत्र ‘निःशंक हो, निर्भय हो’ असा सुरू होतो. आधी शंका, मग भय, हा क्रम मार्मिक आहे. शंका गेल्याशिवाय भीती जात नाही, हे दवाखान्याच्या बाकावर रिपोर्टची वाट पाहत तो मंत्र पुटपुटणाऱ्याला कळते.

वाक्याची घडण पाहण्यासारखी आहे. संकट येणार नाही असे ते म्हणत नाही, ‘पाठीशी आहे’ म्हणते. म्हणजे पुढे चालायचे ते तुलाच. रिक्षा, टेंपो, दुचाकी यांच्या मागच्या बाजूला ते इतके दिसते की वाहतुकीत अडकलेला माणूस दिवसातून दहादा वाचतो.

शिर्डीच्या साईबाबांच्या (मृत्यू १९१८) नावाने अकरा वचने प्रसिद्ध आहेत. ‘शिरडीस ज्याचे लागतील पाय, टळती अपाय सर्व त्याचे’ हे त्यांतले पहिले. गोविंद रघुनाथ दाभोलकरांच्या (हेमाडपंतांच्या) साईसच्चरितात बाबा सांगतात की, त्यांच्या गुरूने दोनच पैसे मागितले, निष्ठा आणि सबुरी. अभयवचनाची ही दुसरी बाजू. वचन फुकट असले तरी ते वठेपर्यंतचा वेळ भक्ताला काढावा लागतो.

अभिवचन

मराठी ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेत ‘देवाची अभिवचने’ हा शब्दप्रयोग सतत येतो. यशयाच्या पुस्तकातले (४१:१०) ‘भिऊ नको, मी तुझ्याबरोबर आहे’ या आशयाचे वचन त्यांत अग्रभागी असते. अक्कलकोटच्या वाक्याशी त्याचे साम्य कानाला लगेच जाणवते. फरक एवढाच की तिथे ‘पाठीशी’, इथे ‘बरोबर’. हे शब्द इ. स. पू. सहाव्या शतकात बाबेलच्या बंदिवासात पडलेल्या इस्राएली लोकांसाठी होते. काही मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, नव्या वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची आणि तीवरचे वचन वर्षभर आपले मानायचे, अशी पद्धत आहे. शंकेलाही या परंपरेत जागा आहे. मार्काच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला हात द्या. नामदेवांना हा माणूस ओळखीचा वाटला असता.

पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) आयुष्य या विषयात वेगळे उभे राहते. १८७० च्या दशकातल्या दुष्काळी वर्षांत त्यांचे आईवडील आणि बहीण गेले. कुटुंब पुराणे सांगत तीर्थाटन करणारे होते; देव वाचवील या आशेने केलेली व्रते, दाने, अनुष्ठाने कामी आली नाहीत, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. पुढे ख्रिस्ती झाल्यावर १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायकांना आसरा दिला आणि केडगावचे मुक्तिसदन उभे केले. अखेरची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. एका दुष्काळात शब्द फोल ठरलेला पाहिलेल्या बाईने दुसऱ्या शब्दाचे ओळनओळ भाषांतर करावे, याला नुसते धर्मांतर म्हणणे अपुरे आहे.

आक्षेप

या श्रद्धेवरचा जुना आक्षेप संतांनीच घेतला आहे. ‘नवसें कन्यापुत्र होती, तरि कां करणें लागे पती’ ही तुकारामांची ओळ प्रसिद्ध आहे. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा रोख वचनावरच्या श्रद्धेपेक्षा ते वचन विकणाऱ्या बुवांवर राहिला. आजारी माणसाला औषध बंद करायला लावणारे आश्वासन, मग ते कोणत्याही देवाच्या नावाचे असो, या आक्षेपातून सुटत नाही.

करोनाच्या साथीत मार्च २०२० पासून राज्यातली मंदिरे बंद झाली. त्या वर्षीच्या आषाढीला पायी वारी झाली नाही. मानाच्या पालख्यांच्या पादुका मोजक्या लोकांसह एसटीच्या फुलांनी सजवलेल्या बसमधून पंढरपूरला नेण्यात आल्या. घरी राहिलेले वारकरी त्या दिवसांत तुकारामांचा एक अभंग एकमेकांना पाठवत होते : ‘ठायींच बैसोनि करा एकचित्त, आवडी अनंत आळवावा’. मंदिरांची दारे १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळी पाडव्याला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा लागली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी परत उघडली.