आधी बाण, मग आकडे

बारावीत स्थिरविद्युतीचं प्रकरण सुरू झालं की नागपुरातल्या ट्यूशनच्या वह्या सूत्रांनी भरू लागतात. बिंदुप्रभाराचं एक, लांब तारेचं दुसरं, रिंगचं तिसरं, सपाट पत्र्याचं चौथं. नीट आणि जेईईच्या धास्तीनं मुलं ती पाठ करतात आणि प्रश्न जरा फिरवून आला की अडतात. मला ठामपणे वाटतं की या प्रकरणात सूत्र सगळ्यात शेवटी यावं. आधी कागदावर बाण काढावेत.

एक नेहमीचं गणित घेऊ. ४ आणि १ मायक्रोकूलोमचे दोन धनप्रभार ३० सेंटिमीटर अंतरावर आहेत. विद्युत क्षेत्र शून्य कुठे असेल? क्षेत्र म्हणजे त्या जागी ठेवलेल्या एकक धनप्रभारावर लागणारं बल. त्याचा बाण धनप्रभारापासून दूर जातो आणि ऋणप्रभाराकडे येतो. इथे दोन्ही धन, म्हणजे बाण समोरासमोर येतात ते फक्त दोघांना जोडणाऱ्या रेषेवर, दोघांच्या मधल्या भागात. बाकी कुठे शोधायचंच नाही. आता कूलोमचा १७८५ सालचा नियम आठवा: अंतर दुप्पट झालं की क्षेत्र चौथाई होतं. एक प्रभार दुसऱ्याच्या चौपट आहे, तेव्हा त्याच्यापासूनचं अंतर दुप्पट हवं. ३० चे २० आणि १०. झालं गणित.

आता धाकटा प्रभार ऋण करा. मधल्या भागात दोन्ही बाण एकाच दिशेला वळतात, म्हणून शून्य बाहेर जातं. कोणत्या बाजूला? धाकट्याच्या. थोरल्याशी बरोबरी करायची तर आपण धाकट्याच्या जवळ असायला हवं. धाकट्यापासून ३०, थोरल्यापासून ६०. पुन्हा दुप्पटच.

खरी भीती बसते ती प्रभार पसरलेला असतो तेव्हा, कारण तिथे संकलन (इंटिग्रेशन) येतं. तारेच्या गोल रिंगवर प्रभार सारखा पसरला आहे आणि तिच्या अक्षावरचं क्षेत्र हवं आहे. पेन उचलण्याआधी दोन टोकं बघा. केंद्रात प्रत्येक तुकड्याचा बाण समोरचा तुकडा खोडतो, म्हणून तिथे शून्य. खूप दूर गेलात तर रिंग ठिपक्याएवढी दिसते, तेव्हा उत्तर बिंदुप्रभारासारखं आलं पाहिजे आणि अंतरासोबत घटत गेलं पाहिजे. म्हणजे मध्ये कुठेतरी क्षेत्र सर्वाधिक असणारच. गणित सांगतं, ते त्रिज्येच्या सुमारे ०.७ पट अंतरावर असतं. तुमचं सूत्र या दोन टोकांना उतरत नसेल तर चूक नक्की आहे. उत्तरतालिका बघायची गरज नाही.

पत्र्याचं उत्तर मुलांना सर्वात अविश्वसनीय वाटतं. अमर्याद पसरलेल्या प्रभारित पत्र्यापासून कितीही दूर जा, क्षेत्र कमी होत नाही. कारण बाणांतच आहे. पत्र्याच्या जवळ असताना लांबच्या तुकड्यांचे बाण जवळजवळ आडवे असतात आणि एकमेकांना खोडतात, खरं काम पायाखालच्या छोट्या भागाचं असतं. वर जाल तसे लांबच्या तुकड्यांचे बाणही उभे होऊ लागतात आणि काम करणारा भाग वाढतो. अंतर दुप्पट केलं तर प्रत्येक तुकड्याचा जोर चौथाई होतो, पण तुकड्यांचं क्षेत्रफळ चौपट. दोन्ही बरोबर फिटतात.

हे कागदापुरतं नाही. निरभ्र दिवशी कस्तूरचंद पार्कसारख्या मोकळ्या मैदानावर विद्युत क्षेत्र असतंच: साधारण १०० व्होल्ट प्रति मीटर, दिशा खाली. बाण जमिनीकडे येतो म्हणजे जमीन ऋणप्रभारित. किती? इथे एक सापळा आहे. सुट्या पत्र्याचं क्षेत्र दोन्ही बाजूंना वाटलं जातं, म्हणून त्याच्या सूत्रात छेदात २ येतो. पृथ्वी मात्र वाहक आहे, तिच्या आत क्षेत्र शून्य, म्हणून सगळं क्षेत्र वरच्याच बाजूला. तो २ इथे नाही. विद्युत स्थिरांक (एप्सिलॉन शून्य) ८.८५ × १०⁻¹² ला १०० ने गुणा: एका चौरस मीटरवर ८.८५ × १०⁻¹⁰ कूलोम, म्हणजे जवळपास ५५० कोटी जास्तीचे इलेक्ट्रॉन. हेच मूल्य सगळ्या पृथ्वीला लावलं तर साडेचार लाख कूलोम होतात. मला हे या प्रकरणातलं सगळ्यात सुंदर गणित वाटतं.

मृगाच्या तोंडावर विदर्भात गडगडाटी ढग चढतात तेव्हा चित्र उलटतं. ढगाच्या खालच्या भागात ऋण, वरच्या भागात धनप्रभार असतो. समजा ५ किलोमीटरवर उणे २० आणि १० किलोमीटरवर अधिक २० कूलोम आहेत. वाहक जमिनीत उलटा प्रभार ओढला जातो आणि तिच्यावरचं क्षेत्र दुप्पट होतं. थेट खाली उत्तर येतं सुमारे १०,८०० व्होल्ट प्रति मीटर, दिशा वर. कोरड्या हवेचं रोधन मोडायला मात्र ३० लाख लागतात. मग जमिनीवरची तफावत कशी भरून निघते? वाहकाचा प्रभार टोकदार जागी दाटतो, आणि सपाट शेतात ते टोक म्हणजे एकटं झाड, किंवा कपाशीत उभा असलेला माणूस. तिथलं क्षेत्र आसपासच्यापेक्षा कितीतरी जास्त होतं.

बंद मोटारीत माणूस बऱ्यापैकी सुरक्षित असतो तो वाहकाच्याच गुणानं. प्रभार बाहेरच्या पत्र्यावर राहतो आणि वीज पत्र्यावरून जमिनीत जाते. यात रबरी टायरचा काही हात नसतो. किलोमीटरभर हवा भेदून आलेल्या विजेला टायरची जाडी अडवत नाही, आणि म्हणूनच तसेच टायर असूनही दुचाकीवर हे संरक्षण मिळत नाही.